पितळी पाटी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक दुकान समोर आणा. तेलाचा वास, रांगेने मांडलेली शिलाई मशीनं आणि प्रत्येकावर मालकाच्या नावाची पितळी पाटी. दिसलं? आता जमिनीवर बसलेले ते मालक आणि त्यांची मुलगी ठमी बघा. दोघं एका नव्या मशीनला तेल देताहेत.

ते मशीन शिवणवाल्या मावशींना भेट द्यायचं होतं. त्यांची मुलगी भिंगरी म्हणजे ठमीची जिवलग मैत्रीण. मागे चर्चमध्ये भिंगरीला सगळ्यांसमोर उभं करून स्वेटर दिला होता. तेव्हाच ती ठमीला म्हणाली होती, "परत असं पुढे बोलावलं ना, तर मी इथे पाऊल ठेवणार नाही."

"पप्पा, नक्की कुणाला कळणार नाही ना?"

"अगं, येशूने काय शिकवलंय? उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये. गुपचूप दाराशी ठेवून येऊ. घे, पाटी तूच काढ."

मशीनच्या खणातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने ठमीने पाटी काढली. तिला इतकं भारी वाटलं की रात्रभर गुपित पोटात गुदगुल्या करत राहिलं.

रविवारी ती चर्चमध्ये शिरली, तर मशीन वेदीसमोर! हार घातलेलं. पाटीही होती, पहिलीच्या दुप्पट. पप्पांचं नाव आणि खाली, 'गरजू कुटुंबास सप्रेम भेट'.

"काय बाई मोठं मन!" मागून कुणीतरी म्हणालं.

पप्पांनी मायलेकींना पुढे बोलावलं. मावशी एकट्याच आल्या.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "आता शिवलेल्या झबल्यांवरही तुमचंच नाव घालू का?"

पप्पा मोठ्याने हसले. भिंगरी उठून दाराकडे निघाली. ठमीजवळ थांबून एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं."

ठमी धावत पुढे गेली. "पप्पा, तुम्हीच म्हणाला होतात ना..."

"श्श! लोक बघताहेत. बघून त्यांनाही द्यावंसं वाटेल. ये, फोटोत ये."

फोटोवाल्याने कॅमेरा उचलला. ठमीने त्याच्याकडे पाठ केली, मशीनचा खण उघडला आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

"मावशी, जरा मशीन घट्ट धरा," ती दारातल्या भिंगरीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि पाटीचा पहिला स्क्रू फिरवू लागली.