गुप्तदानाचे नारळ

लीना मॅडमनी चहा नको म्हटलं, तेव्हाच महादेवरावांनी ओळखलं, ही नेहमीची तपासणी नव्हे. नालवाडीच्या सप्ताह समितीचे ते बावीस वर्षं खजिनदार. कीर्तनाच्या नादात जन्म गेला, वहीत कधी खाडाखोड केली नाही. आणि आज कोर्टानं नेमलेली ही हिशेबतपासनीस बाई त्यांचीच पावतीबुकं उलटीसुलटी करून बघत होती.

गोपालशेठची पतसंस्था बुडाली होती आणि ठेवीदारांचा पैसा शोधत बाई विठोबाच्या दारी पोचल्या होत्या. तीन वर्षांत समितीकडे एक कोटी रुपये रोख गुप्तदान आलं. त्याच पैशातून समितीनं शेठच्या जावयाची पडीक जागा भक्तनिवासासाठी दसपट भावानं घेतली. चोरलेला पैसा देवळातून फिरून घरी गेला, असा बाईंचा संशय. पण जागा जप्त करायची तर दान शेठचंच होतं हे दाखवायला हवं. पावत्यांवर सह्या मात्र साऱ्या महादेवरावांच्या.

देणाऱ्यांची नावं पांडुरंगालाच ठाऊक, असं ते म्हणाले.

"देवाला नोटीस काढता येत नाही, काका. तुम्हाला येते."

संध्याकाळी कीर्तनात मन लागेना. शेठ नेहमीसारखे पुढे बसून उपरण्यानं डोळे पुसत होते. कालपर्यंत महादेवरावांना त्या आसवांचा हेवा वाटे. आज उपरणं खरंच ओलं होतं का, तेच ते बघत राहिले. आरतीनंतर शेठनी त्यांचा हात हातात घेतला. गुप्तदान उघड केलं तर पाप लागतं, म्हणाले. हात सोडायला जरा उशीरच केला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, शोभाबाईंना, सगळं सांगितलं. भाकर थापता थापता शोभाबाईंनी विचारलं, "नावं नाई, तर प्रसादाचे नारळ कुठं गेले?"

दर देणगीमागं एक नारळ, ही समितीची रीत. प्रसाद कुणाचा चुकू नये म्हणून कोणत्या तारखेला कुठल्या दारी नारळ पोचवला, ते महादेवराव वेगळ्या वहीत लिहीत. गुप्तदानाचे सारे नारळ शेठच्या घरी जात. दात्यांना मीच गुपचूप वाटतो, असं शेठ म्हणत.

"वाटले असते, त शेठाणीनं मले दर वेळी खोबऱ्याच्या बर्फीचा डबा काऊन धाडला असता? तुम्हीच त खाल्ली."

महादेवरावांनी ताट सरकवलं आणि नारळांची वही काढली. वही दिली तर नारळ पोचवणारे हातही आपलेच निघणार. रात्रभर त्यांनी नाम घेतलं, पण ते मोजल्यासारखं झालं.

सकाळी त्यांनी वही नेऊन दिली. बाईंनी तारखा पतसंस्थेच्या खात्याशी लावून पाहिल्या. दर नारळाच्या एक-दोन दिवस आधी बनावट कर्जाच्या नावावर दानाएवढीच रोकड निघाली होती. जागा जप्त झाली. लिलाव होऊन पैसा ठेवीदारांना मिळायचा होता. जबाबात महादेवरावांचं नावही आलं.

पुढच्या सप्ताहात ते खजिनदाराच्या गादीवर बसले नाहीत. मागं, पतसंस्थेत ठेव बुडालेल्या पंचफुलाबाईंजवळ जाऊन उभे राहिले. पंचफुलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सरकून जागा दिली. शेजारची पैशांची पिशवी मात्र उचलून पलीकडे ठेवली.

बरोबरच आहे, असं म्हणत महादेवरावांनी मांडी घातली आणि टाळ हाती घेतले.