थैली क्रमांक दोनशे बारा

देश स्वतंत्र झाला त्या आठवड्यात टपाल खात्याच्या संचालकाच्या खुर्चीवर बाईंचे धाकटे दीर बसले. बाई परदेशी टपालाच्या खोलीत एकतीस वर्षं थैल्या बांधत होत्या. दीर खात्यात लागले तेव्हा सुतळीची गाठ मारायला बाईंनीच शिकवलं होतं, आणि ती गाठ दिरांना कधी नीट जमली नाही हेही बाईंनाच ठाऊक होतं.

दीर आता साहेब झाले होते. साहेबांचा पहिलाच हुकूम आला: देश नवा, तेव्हा परदेशी जाणाऱ्या थैल्यांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करावेत. खोलीत सगळ्यांना कल्पना भारी आवडली. बाईंच्या मात्र कपाळाला आठ्या पडल्या. थैलीचा आकडा वर्षाच्या पहिल्या दिवशी एक असतो आणि वर्ष संपेपर्यंत ओळीने चढत जातो. मधेच कोणी एकवर आलं, तर पलीकडच्या देशाला वाटतं की जुनं टपाल बुडालं आणि कोणीतरी नवीन दुकान मांडलं. आदल्या दिवशी दोनशे अकरावी थैली गेली होती. बाईंनी हुकूम दोनदा वाचला, फायलीला लावला आणि लेबलावर दोनशे बारा लिहिलं.

सतराव्या दिवशी साहेब स्वतः खोलीत आले आणि त्यांची नजर नेमकी लेबलावर गेली.

"वहिनी, हे काय? दोनशे अठ्ठावीस? माझ्या सहीचा हुकूम आहे."

"आहे ना. फायलीला लावलाय."

"लोकांनी तुरुंग कशासाठी भोगले? आपण त्या परक्यांचीच मोजणी पुढे चालवायची?"

"त्यांची कसली मोजणी? त्यांचे साहेब नुसत्या सह्या करायचे. थैल्या आम्ही बांधल्या. दोनशे अकराच्या दोनशे अकरा."

साहेबांचा पारा चढला. आधीच त्यांच्या डोक्याला घोर होता. आंतरराष्ट्रीय टपाल संघाची सभा चार दिवसांवर आली होती. जुन्या राज्यकर्त्यांनी संघाला कळवलं होतं की तिथलं सदस्यत्व आमचं होतं, ते आमच्याबरोबर संपलं. या नव्या देशाने नव्याने अर्ज करावा आणि मतदानाची वाट पाहावी. म्हणजे वर्षभराचा खोळंबा. तोवर या देशाचं एक पत्रही कुठला देश घेणार नव्हता, आणि इथे घराआड एक माणूस परदेशात राबत होता. अशा वेळी घरच्याच माणसाने हुकूम मोडावा हे साहेबांना झोंबलं. संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर निलंबन, असं बजावून ते निघून गेले.

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी कागद पुढे ओढला. पण लिहिलं त्यांनी एकच वाक्य: 'काम एक दिवसही थांबलं नाही, म्हणून आकडा थांबवला नाही.' खाली नाव, हुद्दा, सही. साहेबांनी तो कागद न वाचताच बॅगेत कोंबला.

ते परतले बारा दिवसांनी, आणि घरी न जाता सरळ खोलीत आले. सगळे उठून उभे राहिले. बाई थैलीवर लाखेचा शिक्का उठवत होत्या, त्यामुळे त्यांनी मान वर केली नाही.

"वहिनी, सभेत अध्यक्षांनी मला विचारलं, तुमचं टपाल नवं सुरू झालंय की पूर्वीचंच चालू आहे? माझ्याकडे चाळीस पानांचं भाषण होतं, आणि त्यात याचंच उत्तर नव्हतं. कागद चाळता चाळता तुमचा खुलासा हाताला लागला. तोच सगळ्यांसमोर वाचला, खालच्या सहीपर्यंत."

"मग?"

"मग शेजारच्या देशाच्या अधिकाऱ्याने पोचवही काढली. दोनशे अकरा, बारा, तेरा, सगळ्या ओळीने पोचलेल्या. तो म्हणाला, हे कुठे थांबलेच नाहीत, तर नव्याने अर्ज कशाचा? मतदान झालंच नाही. सदस्यत्व आहे तसं राहिलं."

साहेबांनी सभेचं छापील इतिवृत्त टेबलावर ठेवलं. देशाचं म्हणणं म्हणून त्यात ते एकच वाक्य होतं आणि खाली बाईंचं नाव.

बाईंनी चष्मा सावरून पान जवळ घेतलं. एकतीस वर्षं त्यांच्या प्रत्येक कागदावर त्यांच्या नावाच्या वर कोणा ना कोणा परक्या साहेबाची सही असायची.

"याच्या वर कोणाची सही लागली?" त्यांनी विचारलं.

"कोणाचीच नाही, वहिनी."

बाईंचा ऊर भरून आला. देशाचा अभिमान वाटला आणि, खरं सांगायचं तर, स्वतःचा त्याहून जास्त. त्यांनी ते पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, नावासकट.