बुलबुलाचा उपास

चतुराबाई थेरगावहून दोन बस बदलून चाकणजवळच्या प्रयोगशाळेत आली, ती हातात डबा घेऊन आणि मान अंमळ ताठ करूनच. नवऱ्याची उभी हयात मोटार कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबण्यात गेली आणि लेक मिनल आता पाखरांची डॉक्टरकी करतेय म्हटल्यावर मान ताठ होणारच.

मिनलचं म्हणणं असं होतं, की थंड मुलखातली पाखरं अंग उबदार ठेवायला सारखी इंधन जाळतात, भराभर अंडी घालतात आणि लवकर संपतात. आपल्याकडची बेतानं जाळतात, थोडी पिल्लं वाढवतात, पुष्कळ जगतात. बंद पेटीत पाखरू किती प्राणवायू घेतं ते मोजलं की हे कळतं. आज पुण्याहून मोठे सर एका बुलबुलावर ते मोजताना बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता.

सरांना आणायला मिनल फाटकापाशी गेली. चतुराबाईनं कोपऱ्यातल्या पिंजऱ्यावरचं फडकं उचलून पाहिलं, तर बुलबुलापुढे खायला काहीच नाही. समोर एक जीव उपाशी आणि आपण डबा घेऊन बसलोय, हे काही तिला बघवेना. तिनं केळं कुस्करून आत सरकवलं. पठ्ठ्यानं त्याचा फडशा पाडला.

मग बुलबुल पेटीत गेला आणि पडद्यावरचा आकडा चढतच राहिला. हा तर थंड मुलखातल्यासारखा जळतोय, तुमचं गणित बसत नाही, असं सर म्हणाले. मिनलचा चेहरा उतरला. खाल्लेलं पचवतानाही इंधन जळतं म्हणून पाखरू उपाशीच ठेवलंय, एवढंच ती सांगत राहिली.

लेकीची इतक्या वर्षांची मेहनत एका केळ्यापायी मातीत चालली होती. चतुराबाई उभी राहिली.

"सायेब, मी चारलंय त्याला. माझ्या पोरीचं काय बी चुकलं न्हाई. उद्या परत मोजा."

सर हसले आणि उद्या यायला कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई दारातच स्टूल टाकून बसली. झाडलोट करणाऱ्या बाईलाही तिनं आत सोडलं नाही. आकडा मिनल म्हणत होती तिथंच येऊन थांबला. प्रबंध पाठवून द्या, असं सांगून सर गेले. चतुराबाईची मान पुन्हा ताठ झाली.

बुलबुलाला सोडून दिलं, तसा तो समोरच्या उंबरावर फळं टिपायला लागला. मिनलनं आईचा डबा उचलला, तो अजून जडच होता.

"आई, तू सकाळपासून जेवली नाहीस?"

"पाखरू उपाशी होतं ना," चतुराबाई म्हणाली. "आता वाढ."