चोक नसलेल्या गाडीचा चोक

मी आजवर सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या खऱ्या आहेत. कुठल्या निम्म्या, ते आता माझं मलाच आठवत नाही. रेडिएटर फुटला तेव्हा त्यात थर्मासमधला चहा ओतून गाडी घरी आणली आणि पोचल्यावर तोच चहा शेजाऱ्यांना गरमागरम पाजला, ही त्यातलीच एक. त्यामुळे आमच्या म्हातारीबद्दल मी एकदाच खरं बोललो तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, याचा मला राग नाही.

म्हातारी म्हणजे माझी गाडी. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली. तिचं इंजिन कायमचं बसलं, तेव्हा गॅरेज चालवणाऱ्या माझ्या भाचीनं मागून ठोकलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आमच्या अंगणातच तिच्यात बसवलं. जुन्याला कार्बोरेटर होता, नव्याला इंजेक्शन. किती पेट्रोल फवारायचं ते सीटखाली बसलेला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. थंड इंजिन चालू करताना डॅशबोर्डवरचा नॉब ओढून द्यायच्या चोकचं काम संपलं.

"तो नॉब काढून टाक, मामा," भाची म्हणाली होती. "त्याला आता काही अर्थ नाही."

डॅशबोर्डला पडलेलं भोक मला बघवलं नसतं. मी नॉब ठेवला. एवढंच नाही, तर ओढताना तो पूर्वीसारखा जड लागावा म्हणून केबलचं टोक गुपचूप इंजिनाच्या मागच्या एका लोखंडी कडीत अडकवलं. हे मी कोणाला बोललो नाही.

पुढचे तीन आठवडे म्हातारी काही चालू होईना. स्टार्टर गुडघे धरून उठणाऱ्या माणसासारखा कण्हायचा आणि पुन्हा बसायचा. भाचीचा लॅपटॉप रोज नवा आजार सांगे. सोमवारी हवेचा सेन्सर, मंगळवारी तापमानाचा, बुधवारी ते दोघे ठणठणीत आणि तिसराच अंथरुणाला खिळलेला. तिनं तिन्ही बदलले, पंपही बदलला. अंगण माझं, पण त्यात पाय ठेवायला मलाच जागा नव्हती. शेवटी बायकोनं निकाल दिला, "रविवारी दुपारी बारापर्यंत ती स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर गेली नाही, तर भंगारवाल्याच्या ट्रकवरून जाईल."

रविवारी अकराला भंगारवाला येऊन खोक्यावर बसलासुद्धा. भाची घरात मामीबरोबर चहा पीत होती. मी म्हातारीत जाऊन बसलो, निरोप घ्यायला म्हणा. किल्ली फिरवली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात नॉबकडे गेला. ओढला. म्हातारी एका दमात चालू झाली.

मी आनंदानं हॉर्न वाजवला आणि इंजिन तापलंय म्हणून, पुन्हा सवयीनंच, नॉब आत ढकलला. भाची आणि बायको दारात येईपर्यंत म्हातारी गप्प.

"चालू झाली होती," मी म्हणालो. "चोक ओढल्यावर."

"मामा, या इंजिनाला चोकच नाही."

"म्हणून तर सांगतोय."

"अहो, ती रेडिएटरमधल्या चहाची गोष्ट पुरे झाली की आता," बायको म्हणाली.

मी भंगारवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी ऐकलंत ना?"

"हॉर्न ऐकला, काका," तो प्रामाणिकपणे म्हणाला. त्याचा ट्रक बाहेर घरघरत होता, त्याला दुसरं काय ऐकू येणार.

मी पुन्हा बसलो. नॉब ओढला, किल्ली फिरवली, म्हातारी चालू. नॉब आत, म्हातारी बंद. तिसऱ्या वेळी भाचीनं चहाचा कप मडगार्डवर ठेवला. पाचव्या वेळी ती लॅपटॉप मिटून बॉनेटखाली वाकली.

"नॉब हाताला गरम लागतोय," मी आतून ओरडलो. "जीव आहे तिच्यात."

"जीव नाही, करंट आहे. ही केबल कडीला कोणी बांधली?"

मी आकाशाकडे पाहिलं.

भाचीनं एक जाड वायर आणली. एक चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला, दुसरा थेट इंजिनाला. "आता नॉबला हात न लावता."

किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला नाही, गरजला. म्हातारी मांजरासारखी गुरगुरत राहिली.

"इंजिन रबरावर बसतं," भाची मामीला समजावू लागली. "त्यातून करंट बॉडीत परत जाऊ शकत नाही, म्हणून मध्ये जाड विणलेली तांब्याची पट्टी लावतात. ती नसली की कॉम्प्युटर वेड्यासारखा कोणालाही आजारी म्हणतो. मामा चोक ओढायचा तेव्हा केबल कडीवर ताणून बसायची आणि करंट बिचारा तिच्यातून जायचा. पण पट्टी गेली कुठे? इंजिन बदलताना मी इथेच वर्तमानपत्रावर काढून ठेवली होती, मग लावायची राहूनच गेली. मामा?"

"उंदरानं नेली असेल," मी म्हणालो. "इथले उंदीर मोठे आहेत. एकदा तर एकानं माझा पाना..."

"काका," भंगारवाला फाटकाकडे बोट दाखवत म्हणाला, "उंदीर गाठ छान मारतो."

फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी महिनाभरापूर्वी ते कशानं तरी बांधलं होतं. चकचकीत, मऊ, विणलेली वस्तू. मला ती कामाची वाटली नव्हती.

बायकोनं आधी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती इतकी हसायला लागली की पायरीवरच बसली. भाचीनं पट्टी सोडून आणली, दोन बोल्ट आवळले आणि घड्याळ पाहिलं. बाराला चार मिनिटं कमी होती.

"बसा मामी."

बायको पदर खोचून पुढच्या सीटवर बसली. नॉब आत होता, आतच राहिला. फाटक आता मोकळं झाल्यामुळे सारखं मिटत होतं, म्हणून भंगारवाल्यानंच ते धरलं आणि आम्ही त्याच्यासमोरून तोऱ्यात बाहेर पडलो.

"चोकचं खरं बोललात," वळणावर बायको म्हणाली. "उंदराचं मात्र..."

"निम्मं तरी खरं होतं ना."

आम्ही दोन तासांनी परतलो तेव्हा तो बिचारा अजून फाटक धरून उभा होता. हे मी सगळ्यांना सांगतो, आणि कोणीच विश्वास ठेवत नाही.