दोन काडतुसांची जागा

मी एक जुनी लाकडी खुंटी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझा जन्म गेला लुइझियानाच्या दलदलीत, आल्से म्हाताऱ्याच्या बंदुकीत, काडतुसं भरायच्या नळीच्या अंधारात.

त्याआधी मी ओडीलच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गंबोचं कालवण ढवळायच्या चमच्याचा दांडा होते. चमचा मोडला, तेव्हा आल्सेने मला तासून नळीत बसवलं. बदकांच्या शिकारीला कायद्याने बंदुकीत तीनच काडतुसं चालतात: एक बाराच्या तयारीत, दोन माझ्या नळीत. मी नसले तर पाच मावतात. नुसती जागा अडवून बसायचं, एवढंच माझं काम. बसून खाते म्हणा हवं तर. पण माझ्यामुळे कितीतरी बदकं सुखरूप उडून गेली, याचा मला अभिमान आहे.

वसंतात पांढऱ्या रानहंसांच्या शिकारीला मात्र कितीही काडतुसं चालतात, म्हणून कायदाच मला सुट्टी देतो. त्या वर्षी आल्सेने मला काढलं, आणि ओडीलने स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकण म्हणून लावलं. उन्हाळा सरला. बदकांचा मोसम उघडला त्या पहाटे आल्से होडीतून निघून गेला, आणि मी खिडकीतच!

ओडीलने मला पाहिलं आणि खिडकीतून ओढून काढलं. "अगं बाई! नोएली आता त्याला सोडायची नाही."

नोएली शिकार-रक्षक होती, शिकाऱ्यांच्या बंदुका तपासायची. आल्से तिचा धर्मपिता, त्याला ती लाडाने 'पॅरँ' म्हणायची. पण कामावर असली की ती कुणाचीच भीड ठेवत नसे. बंदूक जप्त झाली असती, आणि ती त्याच्या वडिलांची बंदूक होती. म्हातारा खचलाच असता.

मला मुठीत धरून ओडील शेजाऱ्याच्या होडीतून निघाली. पोचलो, तर नोएली आल्सेच्या नळीत काडतुसं सरकवून बघत होती. एक गेलं. दुसरं गेलं. ओडीलने डोळे मिटले.

तिसरं जाईना.

"ठीक आहे, पॅरँ."

"अगं, पण खुंटी तर माझ्याकडे आहे!" ओडील बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आल्से हसत सुटला. "ठाऊक आहे मला. काडतुसं भरतानाच लक्षात आलं. मग काठावरचा एक बोरू तोडला आणि बसलो तुझ्या खुंटीच्या मापाने तासत. डोक्यावरून थवेच्या थवे गेले, पण एक बार काढला नाही."

"इथे कोण बघत होतं तुला, म्हाताऱ्या?" ओडीलने विचारलं.

"बदकं बघत होती की!"

नोएलीही हसली. मला मात्र रडू येत होतं. माझी जागा एका बोरूने घेतली होती.

तेवढ्यात आल्सेने नळी उघडली, बोरू काढून पाण्यात टाकला आणि हात पुढे केला. "आण इकडे. तिच्याशिवाय बंदूक परकी वाटते."

मित्रांनो, तुमच्याही घरात नुसतं जागा अडवून बसलेलं काहीतरी असेल. ते फेकण्याआधी एकदा विचारा, ही जागा ते कुणासाठी अडवून बसलंय? मी माझ्या जागी परत बसले आहे, आणि वरून बदकं चालली आहेत.