प्रमुख पाहुण्यांची वाट पाहणारा कटला

मित्रांनो, मी एक जुना कटला मासा आहे. वय नऊ वर्षं, वजन सात किलोच्या आसपास, तोंड वर वळलेलं आणि स्वभाव थोडा चिडका. का चिडका, ते ऐकाल तर तुम्हालाही राग येईल.

कल्याणजवळच्या एका गावाच्या तळ्यात मी राहतो. जन्म मात्र इथला नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान होतो, तेव्हा हजार भावंडांसोबत प्लास्टिकच्या फुगीर पिशवीत कोंबून मला रिक्षाने आणलं. पिशवी मांडीवर धरून बसला होता काळुराम. हा इथलाच, बापजाद्यांपासून या तळ्यावर गळ टाकणारा. त्याने पिशवी आधी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच तोंड सोडलं. एकदम ओतलं की पिल्लं मरतात, हे त्याला ठाऊक होतं.

पुढची वर्षं मजेत गेली. काळुराम रोज संध्याकाळी येऊन काठावरच्या दगडावर बसायचा. त्याच्या घरचा एक रिवाज होता. दिवसाचा पहिला मासा गावदेवीचा, तो परत पाण्यात सोडायचा. त्या रिवाजापायी मी दोनदा सुटलो. दोन्ही वेळा त्याने मला ओल्या हातांनी धरलं आणि "जा बाबा" म्हटलं.

मग तळं सुशोभित झालं. चारही बाजूंनी लोखंडी कठडा आला, दिवे आले, बाकडी आली आणि 'मासे पकडण्यास मनाई' अशी पाटी लागली. काळुराम कठड्याबाहेर राहिला. तीन वर्षं तो पलीकडे नुसता उभा राहायचा आणि अंधार पडला की घरी जायचा.

या मे महिन्यात इथे गळाच्या मासेमारीची स्पर्धा भरली. ज्याचा मासा सगळ्यांत वजनदार, त्याला वर्षभर आत बसून गळ टाकायचा पास मिळणार होता. काळुरामने नाव दिलं. त्याला ना करंडक हवा होता, ना फोटो. त्याला फक्त त्याची दगडावरची जागा परत हवी होती. सोबत त्याची लेक दर्शना आली होती, ठाण्याला नोकरी करणारी, रजा टाकून.

सकाळी सातला शिट्टी झाली. काळुरामच्या गळाला शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा होता. तो वास मला आवडतो, काय करणार! खादाडपणा नडला आणि पहिल्याच झटक्यात मी अडकलो. काळुरामने मला ओल्या हातांनी उचललं, ओठातला गळ काढला आणि सवयीने पाण्यात सोडायला वाकला.

"बाबा, आज नको!" दर्शना ओरडली. "अरे, पहिला असला तरी केवढा मोठा आहे बघ! मासे तोलायचा टाइम बाराचा आहे. तोवर ठेव, मग सोड ना."

काळुराम घुटमळला. मग त्याने मला जाळीच्या लांब पिशवीत घातलं. पंचांनी तिच्या तोंडाला लाल दोरी बांधली. आता तोल होईपर्यंत दोरीला हात लावायचा नाही, जाळी हलवायची नाही, असा नियम होता. पिशवी गुडघाभर पाण्यात पडली होती. मला धड वळताही येत नव्हतं.

त्यानंतर तळ्यावर कुणाला काही लागेना. लागणार कसं? काठावर ही मोठी कर्णे लावून गाणी चालली होती. त्या दणक्याने सगळे मासे तळाला जाऊन बसले. शेजारी माजिवड्याहून आलेला मितेश तीन काठ्या रोवून बसला होता. त्याने दहा वेळा आमिष बदललं, गॉगल बदलला, शेवटी खुर्चीही बदलली. साडेअकराला त्याला जेमतेम वीतभर चिलापी मासळी लागली. त्याने कपाळाला हात लावला. काळुराम गळ टाकत होता, रिकामा ओढत होता आणि मधूनच माझ्याकडे बघत होता.

बारा वाजले. शिट्टी झाली. सुटलो बुवा, असं मला वाटलं.

तेवढ्यात आयोजक प्रीतमने माईक हातात घेतला. "मंडळी, तोल प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते होणार आहे. साहेब निघालेत, माजिवड्याला ट्रॅफिक आहे. दहा मिनिटं!"

मित्रांनो, दहा मिनिटं म्हणजे किती, हे तेव्हा कळलं. साडेबारा झाले. "साहेब माजिवड्यालाच आहेत." एक वाजला. "साहेब कोनगावला आलेत, गरम भजी घ्या." लोकांनी भजी घेतली. उथळ पाणी उन्हाने कोमट झालं होतं. मी कल्ले उघडत होतो, मिटत होतो, आणि पुरेसा श्वास मिळत नव्हता. चार हातांवर थंड, खोल पाणी होतं. मला ते दिसत होतं. मला फार भीती वाटली.

काळुराम प्रीतमकडे गेला. "अरे, वजन करून घे ना. नायतर जाली खोल पान्यात तरी सरकवू दे. जीव जातंय त्याचा."

"काका, तुम्हीच जिंकताय!" प्रीतम हसून म्हणाला. "साहेबांनी उचललेला मोठा मासा पेपरात येईल. थोडं थांबा की."

दोन वाजता मी एका कुशीवर कललो. पांढरं पोट वर यायला लागलं. काळुराम चप्पल काढून पाण्यात उतरला.

"बाबा, दोरी सोडलीस तर बाद करतील!" दर्शनाचा आवाज चिरकला. "वर्षभराचा पास आहे. तू तीन वर्षं बाहेर उभा राहिलायस!"

"ठाव हाय गो."

त्याने लाल दोरी दातांनी तोडली. मला बाहेर घेतलं, खोल पाण्यात नेलं आणि सरळ धरून ठेवलं, कल्ल्यांत पाणी खेळेपर्यंत. किती वेळ, कोण जाणे. माझी शेपटी हलली तसं त्याने हात काढले. दर्शना काठावर रडत होती, पण तिने त्याला वर यायला हात दिला.

सव्वादोनला पाहुणे आले. त्यांनी टाळ्यांच्या गजरात मितेशची चिलापी तोलली. ती एकशे दहा ग्रॅम भरली आणि पास मितेशला मिळाला. मग त्यांनी निसर्ग जपण्यावर भाषण केलं. चिलापी तोवर मेलेली होती.

मी वाचलो. काळुराम पुन्हा कठड्याबाहेर आहे. त्याने सोडलं म्हणून मी त्याला देव म्हणणार नाही, पकडलंही त्यानेच होतं आणि माझा ओठ अजून ठणकतो. पण त्या दिवशी काठावर साठ माणसं होती आणि सगळी रस्त्याकडे बघत होती. माझ्या कल्ल्यांकडे बघणारा तो एकटा होता. मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या हातात कधी कुणाचा जीव आला, तर त्याच्याकडे बघा. पाहुणे थांबतील.