लोणच्याच्या बरणीत द्राक्षं

“त्या व्यंकोबामामांकडे लोणच्याच्या जाडीत म्हणे दारू... आणि रोज सकाळी आंघोळ झाली की...”

एवढंच ऐकू आलं आणि पलीकडे मिक्सर सुरू झाला. शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामी चटणी वाटता वाटता फोनवर कुणाला तरी बातमी देत होत्या. चटणी वाटून झाली तोवर बातमीही संपली होती. आंघोळीनंतर काय म्हणाल्या, ते मला ऐकूच आलं नाही. आणि ज्या जाडीबद्दल बोलणं चाललं होतं, ती तर मीच!

तर मंडळी, व्यंकोबांच्या स्वयंपाकघरातली चिनी मातीची बरणी तुमच्याशी बोलतेय. आमच्या कुंभकोणात, तंजावरकडच्या मराठी घरांत, मला तमिळ शब्दानं जाडी म्हणतात. पुण्याकडचा पाहुणा आला की हे ऐकून हसतो. अंगानं मी तशी आहेच, त्यामुळे राग धरत नाही. गळ्याशी तपकिरी, खाली पांढरी, आणि बाजूला दोन कान. मला धरून उचलायला म्हणून ते लावलेत. पण मला उचलतंय कोण? म्हणून मी ते ऐकायला वापरते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या भट्टीतला. पेंढ्यात गुंडाळून रेल्वेनं आले. व्यंकोबांच्या आईनं, मीनाक्षीबाईंनी, बाजारात मला टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत बोलले तेव्हा पसंत पडले. मुलगी बघायला गेल्यावर गाणं म्हणायला लावतात, तसंच ते.

तेव्हापासून पोटात लोणचं. कधी लिंबू, कधी कोवळी कैरी, पण जास्त करून माहाळी. माहाळी म्हणजे एका वेलीचं मूळ, ताकात मुरवतात. त्याला ढेकणासारखा वास येतो. परका माणूस नाक धरून पळतो, आणि आमच्याकडे दहीभाताशी ते मिटक्या मारत खातात. तो वास माझ्या अंगात इतका मुरलाय की धुऊन उन्हात वाळवलं तरी जात नाही.

मीनाक्षीबाईंमागून मी सूनबाईंच्या, अंबुजाबाईंच्या हाती आले. नियम तेच. आंघोळ करून, सोवळ्यानं, कोरड्या हातानं उघडायचं. बाहेरून आलेल्यानं मला शिवायचं नाही. आणि भरून झालं की वरून मूठभर खडेमीठ टाकल्याशिवाय तोंड बांधायचं नाही. त्या मुठीवर लक्ष ठेवा. पुढचं सगळं तिनंच केलंय.

व्यंकोबांचं पितळी समयांचं दुकान. ते मुलाकडे सोपवून मोकळे झाले आणि मोकळ्या माणसाला सुचतं तसं त्यांना सुचलं. तिरुविडैमरुदूरच्या वाटेवर त्यांचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. तो काढून त्यांनी तिथे द्राक्षाचा मांडव घातला. कावेरीकाठी भात पिकतं, केळी पिकतात, पानवेल पिकते. द्राक्षं? सगळी गल्ली हसली.

वेल मात्र न हसता मांडवावर चढले. गंमत अशी, की पानमळ्यात हयात गेलेल्या बाया सवयीनं द्राक्षाची पानं खुडून त्यांच्या गड्ड्या बांधू लागल्या. व्यंकोबा धोतर सावरत मांडवाखाली धावले, तोवर चार टोपल्या पानं निघाली होती. त्या पानांचा विडा लावून कुणी खाल्ला का, ते मला माहीत नाही. मी आपली स्वयंपाकघरात बसून असते, ऐकलं तेवढंच सांगते.

घड पिकले तेव्हा सगळं घर तोडणीला गेलं. मामीही गेल्या, मदतीला. त्या म्हणे कात्रीनं घड कापायच्या, त्यातलं एक द्राक्ष चाखायच्या, “अजून आंबटच आहे,” म्हणायच्या आणि पुढचा घड चाखायच्या. खारींनी खाल्ली, मामींनी खाल्ली, उरली ती केळीच्या पानांवर घालून घरी आली. काळीभोर, बारकी, जाड सालीची. फळवाल्यानं एक तोंडात टाकलं, एक डोळा मिटला आणि तो डोळा उघडायच्या आत निघून गेला.

मग व्यंकोबांनी मोबाइलवर पाहिलं की द्राक्षाची वाइन करतात. बायकोला सांगताना ते वाइनला आसव म्हणाले. त्या मोबाइलमधली माणसं टाकीत उतरून द्राक्षं पायांनी तुडवत होती. व्यंकोबांनी पाय धुतले, परातीत उतरायला एक पाय उचललाही. अंबुजाबाईंची मराठी जुन्या वळणाची, आणि धारही जुनीच.

“पायांनीं तुडविलेलें माझ्या जाडींत पडणार नाहीं. पाय चालवायचे तर देवळाला प्रदक्षिणा घाला.”

पाय खाली आला. मग बाईंनीच आंघोळ केली, सोवळं नेसल्या, हातांनी द्राक्षं चुरली, गूळ घातला, लवंगा घातल्या. व्यंकोबा मोबाइलमध्ये पुढचं काय ते बघत होते. तेवढ्यात बाईंचा हात आपसूक मिठाच्या डब्यात गेला आणि मूठ माझ्या पोटात रिकामी झाली. मी ओरडणार होते हो, पण तोंड भरलेलं होतं.

त्यानंतर माझ्या पोटात जे सुरू झालं, ते काय सांगू! जन्मभर लोणचं सांभाळलं, कधी साधा ढेकर नाही. आता दिवसभर गुरगुर, बुडबुडे, उसासे. भिंतीपलीकडे मामींनी ती गुरगुर ऐकली आणि काय समजायचं ते समजल्या.

बातमी गल्लीभर फिरून सुरेंद्ररावांकडे पोचली. ते भजनमंडळीचे मुख्य. दर एकादशीला मंडळी गोविंदपुरम्‌ला विठ्ठलापुढे गायला जाते, आणि चिपळ्या असतात व्यंकोबांच्या हातात. आधी त्या त्यांच्या वडिलांच्या हातात होत्या. दारू काढणाऱ्याच्या हातात चिपळ्या कशा ठेवायच्या, असं मंडळीत कुणीतरी विचारलं होतं. व्यंकोबांनी ते ऐकल्यापासून जेवण टाकलं. समयांचं दुकान त्यांनी सहज सोपवलं होतं, पण चिपळ्या पुसून पुसून पुन्हा जवळच ठेवत होते.

दशमीला सुरेंद्रराव स्वतः आले. सरळ माझ्यापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला.

“बसमधून आलांत,” अंबुजाबाई म्हणाल्या. “तिला शिवूं नका.”

झालं! चौकशीला आलेला माणूस विहिरीवर आंघोळीला गेला आणि व्यंकोबांचा ओला पंचा नेसून, कुडकुडत परत आला. बाईंनी माझं तोंड सोडलं. सुरेंद्ररावांनी वाकून वास घेतला आणि माझ्या अंगातली इतक्या वर्षांची माहाळी त्यांच्या नाकात गेली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

“हें तर लोणचेंच,” ते म्हणाले. व्यंकोबांनी श्वास सोडला.

पण कढीपत्ता मागायला म्हणून मामी नेमक्या तेव्हाच दारात उभ्या होत्या. नुसत्या वासावरून काय कळतंय, चव बघायला हवी, असं त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

बाईंनी पळीनं काढून दिलं. सुरेंद्ररावांनी मान मागे टाकली आणि ओठाला न लावता वरून तोंडात ओतलं. आंबट, खारट, आणि मागून हळूच गरम. त्यांनी डोळे मिटले. खात्री करायला आणखी एक पळी मागितली. ती खात्री पुरेना, म्हणून तिसरी. थंडी त्यांची कुठल्या कुठे गेली.

“व्यंकोबा, विठ्ठलाची आण घेऊन सांगा. हें तुम्ही पितां?”

“भीतीनें अजून जिभेलासुद्धां लावलें नाहीं,” व्यंकोबा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

“मी पितें,” अंबुजाबाई म्हणाल्या. “रोज सकाळीं आंघोळ जाहली कीं एक पळी. मीठ बेताचें आहे कीं नाहीं, पाहायला नको? गुडघाही दुखत नाहीं त्यापासून.”

मामींनी कपाळाला हात लावला. रोज सकाळी भिंतीतून गुणगुण ऐकू यायची, ती त्यांनी आपली व्यंकोबामामांच्या नावावर घातली होती. व्यंकोबांना मात्र आपल्या बायकोला गाता येतं, हे त्या दिवशी कळलं.

सुरेंद्ररावांनी पंच्याची गाठ घट्ट केली आणि मनाशी हिशेब मांडला. चिपळ्या धरणाऱ्यानं पिऊ नये, असं मंडळीत सगळे म्हणत होते. त्याच्या बायकोनं मीठ बघू नये, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

“चिपळ्या राहूं दे,” ते शेवटी व्यंकोबांना म्हणाले. “आणि वहिनी, उद्यां तुम्हीही गायला या.”

“येईन. पण उद्यां एकादशी,” बाई म्हणाल्या. “गाणें कोरडेंच होईल.”

तेव्हा मामींची बातमी निम्मीच खरी. दारू होती, पण धड दारू नव्हे. पिणारं माणूस घरातलंच होतं, पण ते व्यंकोबा नव्हेत. हे त्यांनी फोनवर पुन्हा सांगितलं का? मिक्सर चालू होता, काही कळलं नाही. कढीपत्त्याच्या वाटीतून त्या थोडं ‘लोणचं’ मात्र घेऊन गेल्या.

हल्ली रोज सकाळी मी पळीभर रिकामी होते, एकादशी सोडून. तळ दिसू लागलाय. रिकामी झाले की मला चिंचेनं, राखेनं खसाखसा घासून माहाळीचा वास कायमचा घालवायचा, असं बाई कालच म्हणत होत्या. तुमच्यापैकी कुणी आमच्याकडे आलात, तर पाय धुऊन आत या आणि माझ्यासाठी एवढं त्यांना सांगा. पुढच्या तोडणीला पुन्हा द्राक्षं भरा, नाहीतर कैऱ्या भरा, मिठाची मूठही घाला. पण तो वास राहू द्या. घरात तेवढा एकच पहारेकरी आहे, आणि मामी अजून भिंतीपलीकडेच राहतात.